अमेरिकेतले पॉप्युलिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि जरा लांबलेली उत्तरं)

१८९० च्या आसपास अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा पक्ष काढला, दोन वर्षांत चार राज्यं मारली आणि अजून चार वर्षांत तो पक्ष दुसऱ्याच पक्षाच्या खिशात गेला. मी ह्या विषयावर बोलायला लागलो की लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी काही प्राध्यापक नाही, कापसाच्या घरातला आहे, त्यामुळे उधारी आणि वजनकाट्यावर जास्त रेंगाळणार, चांदीच्या भाषणांवर कमी. तसंही माझ्या मते चांदीनेच ह्यांचा घात केला, पण ते पुढे येईल.

पॉप्युलिस्ट म्हणजे नक्की कोण? हल्ली तर हा शब्द शिवीसारखाच वापरतात की.

हो, पहिला घोळ तिथेच होतो. आज पेपरात 'पॉप्युलिझम' आला की त्याचं मराठी लोकानुनय नाहीतर लोकरंजन असं करतात, म्हणजे खिरापत वाटणारा, टाळ्या घेणारा पुढारी. मुळात हे एका ठराविक पक्षाच्या माणसांचं नाव होतं. पक्षाचं नाव पीपल्स पार्टी, पण त्या पक्षाच्या माणसाला काय म्हणायचं हे कळेना, मग १८९१ मध्ये लॅटिनमधल्या 'पॉप्युलस' म्हणजे लोक ह्या शब्दावरून कॅन्ससच्या मंडळींनी 'पॉप्युलिस्ट' बनवला, आगगाडीत गप्पा मारता मारता सुचला असं सांगतात. विरोधकांनी त्याचं लगेच 'पॉप्स' करून टाकलं.

तर इथे पॉप्युलिस्ट म्हटलं की डोळ्यासमोर आणायचा टेक्सास-जॉर्जियाचा कापूसवाला, कॅन्सस-नेब्रास्काचा गहू-मकेवाला आणि कोलोरॅडोचा चांदीच्या खाणीतला माणूस. ह्या तिघांचं आपसात फार जमेल असं वरवर बघता वाटत नाही, आणि शेवटी जमलंही नाही.

शेतकऱ्यांना एवढं झालं काय होतं? जमीन तर बक्कळ होती तिथे.

जमीन होती, हातात रोकड नव्हती. आधी दक्षिणेचं सांगतो. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, तिथल्या बँकाही बुडाल्या आणि गावात पैसा असलेला एकच माणूस उरला, दुकानदार. शेतकरी वसंतात त्याच्याकडे जायचा. बियाणं, खत, मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, बायकोला कापड, नांगराचा फाळ. पैसे नाहीत, मग दुकानदार कागद पुढे करायचा, त्यात अजून पेरलेलंही नाही ते पीक त्याच्याकडे गहाण. ह्याला क्रॉप लीन म्हणायचे. दुकानात प्रत्येक वस्तूच्या दोन किमती, रोखीची एक आणि उधारीची एक, उधारीची आधीच चढी आणि वर तिच्यावर व्याज, म्हणजे सगळं मिळून वर्षाचा हिशोब लावला तर दर ५० टक्क्यांच्या पुढे सहज जायचा आणि कित्येक ठिकाणी १०० च्याही पुढे. एकदा सही झाली की दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही कारण पीक इथे अडकलेलं. काय पेरायचं तेही हाच सांगणार, कापूस, कारण कापसाला गिऱ्हाईक आहे आणि कापूस शेतकरी घरी खाऊन टाकू शकत नाही.

मग हिवाळ्याच्या तोंडाला गाठी घेऊन जायचं. वजन तो करणार, भाव तो सांगणार, वही त्याच्याकडे. वहीत बघून म्हणायचा, अजून एवढे निघतायत. झालं, पुढच्या वर्षीचा कागद तयार. काळे शेतकरी त्याला नुसतं 'द मॅन' म्हणायचे, नाव घ्यायची गरजच नव्हती. मी हे सगळं एकदा आजोबांना सांगत होतो, त्यांनी अमेरिका कुठे, साल कुठलं काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "काटा कोणाचा?" मला वाटतं पॉप्युलिस्टांचं सगळं राजकारण ह्या दोन शब्दांत बसतं.

पश्चिमेला कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा इकडे सावकार गावात नसायचा, तो न्यूयॉर्क-बॉस्टनला बसलेला. १८८० च्या दशकात पाऊस बरा होता, जमिनीचे भाव वर जात होते, पूर्वेच्या कंपन्या दारात येऊन जमिनीवर कर्ज देत होत्या. १८८७ ला पाऊस गेला आणि फुगा फुटला. लोक घोडागाडीत सामान टाकून परत निघाले, गाड्यांवर रंगवलेलं असायचं की देवावर भरवसा ठेवला आणि कॅन्ससमध्ये दिवाळं काढलं (इंग्रजीत त्याचं यमक जुळतं). राहिले त्यांच्यापुढे रेल्वे. गावाला एकच लाइन, लाइनवर एकच धान्याचं कोठार, मग भाडं काय लावतील ते लावतील. मका इतका पडला की बाजारात नेण्यापेक्षा तो चुलीत जाळणं परवडायचं कारण दगडी कोळसा महाग. थंडीत घरात स्वतः पिकवलेल्या मक्याची कणसं जळतायत आणि तिकडे शहरात लोक उपाशी आहेत हे बघून माणसाचं डोकं फिरणारच.

भाव पडले तर पडले, बाजार आहे. ह्यात राजकारण कुठून आलं?

हाच युक्तिवाद तेव्हाच्या पूर्वेकडच्या पेपरांचा होता: तुम्ही जास्त पिकवलं, भोगा. शेतकऱ्यांचं म्हणणं, फक्त गहू आणि कापूसच नाही, सगळंच तीस वर्षं स्वस्त होत चाललंय, म्हणजे गोची मालात नाही, डॉलरमध्ये आहे. आणि त्यात तथ्य होतं. युद्धात सरकारने सोन्याचा आधार नसलेल्या हिरव्या नोटा छापल्या होत्या, युद्धानंतर त्या आवरत्या घेतल्या. १८७३ च्या कायद्याने चांदीचे डॉलर पाडणं बंद केलं, १८७९ पासून नोटेला सोनं मिळायला लागलं. इकडे माणसं वाढतायत, शेती वाढतेय, कारखाने वाढतायत आणि पैसा त्या मानाने वाढत नाही, मग पैसा महाग आणि माल स्वस्त. गहू डॉलरभर बुशेल (बुशेल म्हणजे धान्याचं तिकडचं माप) होता तो १८९४ मध्ये ५० सेंटवर आला. कापूस त्याच वर्षी पाउंडाला ५ सेंटच्याही खाली गेला.

आता ह्यात कर्जदाराचं गणित बघा. १,००० डॉलर घेतले तेव्हा ते १,००० बुशेल गव्हाचे होते, फेडायच्या वेळी २,००० बुशेल घालावे लागतात. कागदावर कर्ज तेवढंच आहे, कोणी एक पैसा वाढवलेला नाही. आणि ज्याने दिलंय त्याचं काही न करता दुप्पट झालं.

ह्याचा आणि आपल्याकडच्या कापसाचा काही संबंध आहे का?

आहे की. त्यांचं युद्ध सुरू झालं, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला, वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेच्या शेअरांची ती प्रसिद्ध सट्टेबाजी ह्याच पैशावर चाललेली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, इकडे एका फटक्यात सगळं झोपलं. भाव चढे असताना सावकारांनी सढळ हाताने दिलेलं कर्ज मात्र शिल्लक राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे कागद-वह्या काढून जाळल्या, त्यामागे सारावाढ आणि इतरही कारणं होती, पण ही कापसाची मंदी त्यातलं एक कारण धरतात. आणि तोच कापूस परत पिकवायला लागलेला अमेरिकेच्या दक्षिणेतला शेतकरी दोनच वर्षांनी टेक्सासमध्ये संघटना काढत होता. एकाच बाजाराची ही दोन टोकं, आणि दोन्हीकडे राग वहीवर.

मुंबईचा दुसरा संबंध चांदीचा आहे, तो खाली.

सुरुवात कोणी केली? एकदम पक्षच काढला का?

नाही, आणि माझ्या मते खरी गंमत पक्षाच्या आधीचीच आहे. १८७७ ला टेक्सासच्या लॅम्पॅसस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं) काही शेतकऱ्यांनी फार्मर्स अलायन्स काढली ती घोडेचोर पकडायला आणि चुकलेली जनावरं शोधायला. तिथून वाढत वाढत ती दक्षिणेत आणि पुढे कॅन्सस-डाकोटापर्यंत पसरली, सभासद लाखांनी मोजायला लागले. व्याख्याते गावोगाव फिरायचे, उन्हाळ्यात मोठे तळ पडायचे, घोडागाड्यांच्या रांगाच्या रांगा, बायकापोरांसकट लोक दोन-तीन दिवस मुक्कामाला, भाषणं, गाणी, जेवणावळी. एकेकट्या रानात राहणाऱ्या माणसाला आपल्यासारखे एवढे आहेत हे पहिल्यांदा तिथे दिसायचं.

ह्यांचा डोकेबाज माणूस म्हणजे चार्ल्स मॅक्यून. डॉक्टरकी, वकिली, पेपर चालवणं असं सगळं करून बसलेला. त्याने १८८७ मध्ये डॅलसला अलायन्सची स्वतःची एक्स्चेंज काढली: सगळ्यांचा कापूस एकत्र विकायचा, सगळ्यांचा माल एकत्र ठोक भावात घ्यायचा, दुकानदाराला मधून काढून टाकायचं. पण भांडवल? मॅक्यूनची युक्ती अशी की गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून एकमेकांना जामीन राहत एक सामाईक हुंडी लिहायची, ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीही सही करायची, आणि ती हुंडी घेऊन बँकेत जायचं. शेतकऱ्यांनी सह्या केल्या. बँकांनी नाही म्हणून सांगितलं. ९ जून १८८८ ला टेक्सासभर तालुक्याच्या कोर्टांसमोर शेतकरी जमले, एक्स्चेंज वाचवायला पैसे गोळा करायला, पण ज्यांच्याकडे मुळात रोकड नाही ते देऊन देऊन किती देणार. पुढच्या वर्षी ती बसलीच.

एका लढाईत मात्र जिंकले. कापसाच्या गाठी बांधायला तागाचं गोणपाट लागायचं, कच्चा ताग यायचा बंगालमधून. १८८८ ला गोणपाटवाल्या कारखानदारांनी एकी करून ऐन हंगामात भाव चढवला. अलायन्सने ठरवलं, ताग नकोच, कापसाच्याच जाड कापडात गाठी बांधू. हट्ट एवढा की पुढच्या वर्षी अटलांटाच्या प्रदर्शनात दोन जोडप्यांची लग्नं लागली आणि दोन्ही नवऱ्या, दोन्ही नवरदेव त्याच गाठी बांधायच्या कापडाच्या कपड्यात उभे. शेवटी कारखानदार नमले.

सबट्रेझरी सबट्रेझरी असं सारखं वाचतो, ती काय भानगड आहे?

हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, कारण सगळे चांदीबद्दलच विचारतात.

एक्स्चेंज बुडाल्यावर मॅक्यूनच्या लक्षात आलं की सहकारी धंदा कितीही मन लावून केला तरी शेवटी बँकेच्या दारात जावंच लागतं आणि ती नाही म्हणाली की संपलं. म्हणून डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईसच्या बैठकीत त्याने सबट्रेझरीची योजना मांडली: ज्या ज्या काउंटीत मोठं पीक येतं तिथे सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने कापूस, गहू, मका, तंबाखू असा टिकणारा माल तिथे टाकावा आणि सरकारने त्याला बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम नव्या कागदी नोटांमध्ये तिथल्या तिथे उचल म्हणून द्यावी, व्याज वर्षाला एक टक्का. वर्षभरात भाव चढला की माल विकून उचल फेडायची.

साधं वाटतं, पण एका दगडात किती पक्षी आहेत बघा. सुगीला सगळ्यांचा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळतो, ते थांबतं. दुकानदाराचा कागद संपतो. सुगीला पैसा जास्त लागतो तेव्हा देशात नोटा आपोआप वाढतात आणि माल विकला गेला की परत कमी होतात. आणि गोदामातला काटा सरकारचा.

टीका भरपूर झाली. टिकणारं पीक नसलेल्यांना काय, सगळ्यांनीच माल धरून ठेवला तर शहरातल्यांनी खायचं काय, फळंवाले-दूधवाले मागणार नाहीत का, आणि घटनेत हे बसतं का. काही प्रश्न खरंच अवघड होते. पण रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक ह्या दोन्ही जुन्या पक्षांनी विधेयक कमिटीतच दाबून टाकलं आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट, जे अलायन्सच्या मतांवर निवडून आले होते, तेही ऐन वेळी हात वर करून मोकळे झाले. स्वतंत्र पक्ष काढायचा की नाही ह्यावर अडून बसलेले कित्येक शेतकरी ह्याच एका मुद्द्यावरून अलीकडचे पलीकडे गेले.

मग पक्ष कधी निघाला?

कॅन्ससने वाट बघितली नाही, १८९० च्या उन्हाळ्यातच काढला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे तिकडच्या संसदेच्या, राज्यातल्या सात जागांपैकी पाच घेतल्या. सेनेटमध्ये अठरा वर्षं बसलेले इंगल्स साहेब गेले आणि त्यांच्या जागी पोटापर्यंत दाढी असलेला विल्यम पेफर आला, व्यंगचित्रकारांना पुढची सहा वर्षं काम मिळालं.

मेडिसिन लॉजचा जेरी सिम्प्सन ह्याच निवडणुकीतला. त्याने विरोधकाची टिंगल केली की हा राजपुत्रासारखा रेशमी मोजे घालतो, कुठल्यातरी पत्रकाराने उलटून लिहिलं की ह्याच्याकडे मोजेच नाहीत, आणि सिम्प्सनने ते नाव आनंदाने घेतलं, 'सॉकलेस' जेरी. निवडून आला. मेरी लीज नावाच्या बाईंचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, की शेतकऱ्यांनी मका कमी पिकवावा आणि राडा जास्त करावा. त्यांनी नंतर सांगितलं की हे मी म्हटलंच नव्हतं, पत्रकारांनी घातलं, पण सल्ला चांगला होता म्हणून मी खोडून काढलं नाही. बायकांना मताचा अधिकार नव्हता तेव्हा ह्या बाई आणि त्यांच्यासारख्या अनेक जणी गावोगाव सभा घेत होत्या. १८९३ मध्ये कोलोरॅडोत पॉप्युलिस्ट गव्हर्नर असतानाच मतदान घेऊन बायकांना मताधिकार मिळाला, सार्वमताने तो देणारं ते पहिलं राज्य.

देशपातळीवर ओमाहाला ४ जुलै १८९२ ला अधिवेशन झालं. जाहीरनाम्याची प्रस्तावना इग्नेशियस डोनेलीची, हा मिनेसोटाचा गडी, अटलांटिसवर पुस्तक लिहिलेला आणि शेक्सपिअरची नाटकं बेकनने लिहिली म्हणणारा, जरा विक्षिप्तच, पण लेखणी धारदार. सरकारी अन्यायाच्या एकाच पोटातून भणंग आणि कोट्यधीश असे दोन वर्ग जन्माला येतायत, असं त्याने लिहिलं. मागण्या: सबट्रेझरी, उत्पन्नानुसार चढता आयकर, रेल्वे-तार-टेलिफोन सरकारी, पोस्टात बचत खाती, भरपूर चलन आणि १६ ला १ दराने चांदीची नाणी. गुप्त मतदान, आठ तासांचा दिवस आणि सेनेटर थेट लोकांनी निवडणं हे सोबतच्या ठरावांत.

उमेदवार व्हायचा होता नॉर्थ कॅरोलायनाचा लिओनिडस पोक, तो अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी वारला. मग आयोवाचा जेम्स वीव्हर, उत्तरेच्या फौजेतला जनरल, आणि उपाध्यक्षाला दक्षिणेकडून लढताना पाय गमावलेला व्हर्जिनियाचा जेम्स फील्ड. दहा लाखांवर मतं पडली, साडेआठ टक्के, आणि २२ इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं). कॅन्सस, कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा ही चार राज्यं आली. दक्षिणेत वीव्हरवर अंडी फेकली. शहरातल्या कामगारांनीही फारसं ऐकलं नाही, आणि त्यांचंही चूक कसं म्हणणार, गहू महाग झाला तर पाव महाग होणार हे त्यांना कळत होतं.

काळ्या शेतकऱ्यांचं काय? ह्यात ते होते की नुसती गोऱ्यांची चळवळ?

होते, पण वेगळ्या पंगतीला. अलायन्समध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून १८८६ मध्ये टेक्सासमध्येच कलर्ड फार्मर्स अलायन्स निघाली, तिच्याही मुख्य पदावर एक गोरा बाप्टिस्ट पाद्री. त्यांचा सभासदांचा दावा दहा लाखांच्या वर होता, एवढे नसतील पण प्रचंड होते. आणि हितसंबंध प्रत्येक वेळी एक नव्हते हेही खरं: १८९१ मध्ये कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांनी वेचणीचा दर वाढवून मागत संप केला तेव्हा गोऱ्या अलायन्सचे मोठे शेतकरी समोरच्या बाजूला होते, आर्कान्सामध्ये लोकांनी पाठलाग करून पंधराएक माणसं मारली. ही गोष्ट पॉप्युलिस्टांचं कौतुक करणारे पटकन उरकतात.

दुसरी बाजूही आहे. जॉर्जियाचा टॉम वॉटसन उघड सभेत दोन्ही रंगांच्या शेतकऱ्यांना सांगायचा की तुम्हाला वेगळं ठेवतात ते दोघांना वेगवेगळं लुटता यावं म्हणून. १८९२ मध्ये त्याचा प्रचार करणाऱ्या एच. एस. डॉयल ह्या काळ्या धर्मोपदेशकाला मारायची धमकी आली, वॉटसनने त्याला आपल्याकडे ठेवलं आणि हाक दिली, तर बंदुका घेऊन गोरे शेतकरी रात्रभर घोडे हाकत त्याच्या राखणीला आले. जॉर्जियासारख्या ठिकाणी हे घडलं हे परत एकदा वाचा. वॉटसन ती निवडणूक हरला, ऑगस्टा शहरात जेवढे कायदेशीर मतदार होते त्याच्या जवळजवळ दुप्पट मतं पडली होती!

आणि हाच वॉटसन पुढे उलटा फिरला. काळ्यांचा मताधिकार काढून घ्या म्हणायला लागला, कॅथलिक आणि ज्यूंविरुद्ध गरळ ओकायला लागला, १९१५ ला जॉर्जियात लिओ फ्रँक ह्या ज्यू माणसाला जमावाने फासावर लटकवलं त्याआधी आग पेटवण्यात ह्याच्या पेपराचा मोठा हात. १९२० मध्ये सेनेटवर निवडून आला आणि मेला सुद्धा तिथेच, १९२२ मध्ये, पदावर असताना. कित्येकदा मला वाटतं की ह्याचं चरित्र वाचूच नये, पण चळवळ समजून घ्यायची तर दोन्ही वॉटसन घ्यावे लागतात.

नॉर्थ कॅरोलायनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र आले आणि १८९४ ला विधिमंडळ जिंकलं, काळे लोक पुन्हा पदांवर दिसायला लागले. त्याचं उत्तर नोव्हेंबर १८९८ मध्ये विल्मिंग्टनला मिळालं: हत्यारबंद गोऱ्यांनी निवडून आलेली नगरपालिका उलथवली, काळ्यांच्या वस्तीत माणसं मारली. त्याच काळात दक्षिणेतल्या एकेका राज्याने काळ्यांची आणि सोबत कित्येक गरीब गोऱ्यांचीही मतं कायद्याने काढून घेतली.

चांदीचं प्रकरण एका दमात समजावून सांगा.

प्रयत्न करतो. कायद्याने १६ औंस चांदी म्हणजे एक औंस सोनं असं धरायचं आणि कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत आला तर त्याला डॉलर पाडून द्यायचे, ही मागणी. बाजारात तोवर एका सोन्याला तीसच्या आसपास चांदी मिळत होती, म्हणजे चांदी कायद्याने दुप्पट महाग होणार, खाणवाल्यांची दिवाळी, आणि चलन वाढून पिकांचे भाव चढणार, शेतकऱ्याची सुटका. सोपं, घोषणा द्यायला मस्त.

आता मुंबई. आपला रुपया चांदीचा होता आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळीत लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून मिळायचे, त्यामुळे जगातली कितीतरी चांदी हिंदुस्थानात जिरायची. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारने ते बंद केलं. काही दिवसांत चांदी कोसळली, कोलोरॅडोच्या खाणींना कुलपं, डेन्व्हरच्या बँका एकामागून एक बंद. मंदी आधीच सुरू झालेली, त्यात ही भर. अध्यक्ष क्लीव्हलंडने खास अधिवेशन बोलावून सरकारची चांदीखरेदीही थांबवली आणि त्याचा स्वतःचा डेमोक्रॅटिक पक्ष मधोमध चिरला. फोर्टातल्या त्या दगडी टाकसाळीबद्दलच्या निर्णयाने रॉकी पर्वतातले खाणकामगार घरी बसले, हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी इतिहासाच्या तासाला जागा राहिलो असतो.

मग १८९६ ला काय झालं? एवढं असून पक्ष गेला कुठे?

डेमोक्रॅट्सनी चांदी उचलली, बाकीचं ताट तसंच ठेवलं. ९ जुलैला शिकागोत नेब्रास्काच्या ३६ वर्षांच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनने भाषण केलं, मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका असं म्हणत हात पसरून उभा राहिला, सभागृह वेडं झालं, दुसऱ्या दिवशी तो उमेदवार. पॉप्युलिस्टांचं अधिवेशन मुद्दाम नंतरच्या तारखेला ठेवलेलं, कारण नेत्यांना वाटलेलं की दोन्ही मोठे पक्ष सोनंच धरतील आणि चांदीवाले सगळे आपल्याकडे येतील. झालं भलतंच.

सेंट लुईसला इकडे आड तिकडे विहीर. ब्रायनला घ्यावं तर पक्ष विरघळणार, न घ्यावं तर मतं फुटून रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली येणार. पश्चिमेकडच्यांना चालत होतं. दक्षिणेकडच्यांना मात्र असं सांगितलं जात होतं की ज्या डेमोक्रॅट्सनी तुमची मतं चोरली, तुमची माणसं मारली, त्यांच्याच मांडवात जाऊन बसा. त्यांची समजूत काढायला आधी उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडला, टॉम वॉटसन, आणि मग ब्रायन. ब्रायनची तार आलेली की माझा जोडीदार सेव्हॉल नसेल तर मला तुमची उमेदवारी नको. अधिवेशनाच्या अध्यक्षपदावर बसलेल्या सेनेटर अ‍ॅलनने ती तार सभेला कळूच दिली नाही. आणि सेव्हॉल कोण, तर मेन राज्यातला जहाजवाला आणि बँकेचा अध्यक्ष! म्हणजे एका ब्रायनला दोन उपाध्यक्ष, एक बँकवाला आणि एक बँकांना शिव्या देणारा.

ब्रायन रेल्वेने १८,००० मैल फिरला, ६०० च्या वर भाषणं केली. मॅकिन्ली ओहायोतल्या कॅन्टनच्या आपल्या घराच्या ओट्यावरून हलला नाही, लोकच गाड्या भरून त्याच्याकडे आणले, त्याचा प्रचारप्रमुख मार्क हॅनाने उद्योगपतींकडून पस्तीस लाख डॉलर जमवलेले. निकाल २७१ विरुद्ध १७६. सबट्रेझरीचं नावही त्या प्रचारात कोणी घेतलं नाही, माझा राग त्यावर आहे. ज्या योजनेसाठी पक्ष निघाला ती गेली आणि जी घोषणा खाणवाल्यांच्या जास्त सोयीची होती ती राहिली.

पुढे पक्ष कागदावर १९०८ पर्यंत रडतखडत होता.

म्हणजे सगळं पाण्यात?

नाही हो. आयकर आणि सेनेटरांची थेट निवडणूक ह्या दोन्ही घटनादुरुस्त्या १९१३ ला झाल्या, पोस्टातली बचत बँक १९१० ला मंजूर. खेड्यात घरपोच टपाल देण्याच्या प्रयोगाला पहिले पैसे मंजूर करून घेतले ते वॉटसननेच, १८९३ ला. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या काळात सरकारने साठवलेल्या पिकावर उचल द्यायला सुरुवात केली ती बरीचशी मॅक्यूनच्याच वळणाची. रेल्वे काही सरकारी झाली नाही.

आणि पैसा वाढला की भाव वाढतात हे त्यांचं म्हणणं सिद्ध केलं ते सोन्यानेच. १८९६ नंतर दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं इतकं आलं की चलन वाढलं, शेतमाल चढला, आणि चळवळीत उरलीसुरली जी हवा होती ती गेली.

ते ज्यूद्वेष्टे, षडयंत्रवाले होते असं वाचलंय.

काही जण होते. रॉथशिल्ड ह्या युरोपातल्या ज्यू बँकर घराण्याच्या नावाने भाषणं ठोकणं, लंडनच्या सावकारांनी कट करून १८७३ चा कायदा केला असं सांगणं, हे त्यांच्या साहित्यात आहे, लीजबाईंच्या भाषणातही आहे. तेव्हाच्या पूर्वेच्या बड्या क्लबांमधले लोक ज्यूंबद्दल ह्यापेक्षा बरं बोलत होते असं मात्र नाही. १९५० नंतर काही इतिहासकारांनी ह्याच धाग्यावरून सगळी चळवळ वेडगळ ठरवली, ते मला पटत नाही, कारण गोदामाची ती योजना वेडगळ डोक्यातून येत नाही.

आजच्या नेत्यांना पॉप्युलिस्ट म्हणतात ते बरोबर आहे का?

म्हणा. फक्त ह्यांच्याकडे आधी हजारो गावातल्या शाखा होत्या, मग जाहीरनामा, आणि नेता सगळ्यात शेवटी. आज उलटं असतं.

कॉक्सीच्या फौजेचा आणि ह्यांचा काय संबंध?

जेकब कॉक्सी ओहायोतल्या मॅसिलनचा, दगडाच्या खाणीचा मालक, पैसेवाला माणूस आणि तरी पॉप्युलिस्ट. नोटांवर इतका जीव की मुलाचं नाव ठेवलं लीगल टेंडर, म्हणजे 'कायदेशीर चलन', चेष्टा नाही. १८९३ च्या मंदीत लाखो लोक बेकार झाले तेव्हा त्याची मागणी अशी की सरकारने ५० कोटी डॉलरच्या नोटा छापून रस्ते बांधायला घ्यावेत आणि मागेल त्याला दिवसाला दीड डॉलरवर काम द्यावं, आपल्या रोजगार हमीसारखंच म्हणा ना. मार्च १८९४ मध्ये ईस्टरच्या दिवशी शंभरेक बेकार घेऊन तो पायी निघाला, वाटेत लोक जेवण देत होते, १ मेला वॉशिंग्टनला पोचले तेव्हा पाचशे होते. काँग्रेसच्या पायऱ्यांवर भाषण करायला निघाला तर पोलिसांनी धरलं आणि खटला भरला, आरोप काय तर हिरवळ तुडवली. वीस दिवस आत.

१ मे १९४४ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, त्याला परवानगी मिळाली. वय ९०. त्याच पायऱ्यांवर उभं राहून त्याने ते राहिलेलं भाषण पूर्ण केलं.